लिव्हरमध्ये गाठ आहे, मग डॉक्टर मान आणि बेंबी का तपासतात?

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये पित्ताशय नॉर्मल, दोन्ही किडन्या नॉर्मल असं सगळं सुरळीत चाललेलं असतं आणि मध्येच एक ओळ येते: लिव्हरच्या उजव्या लोबमध्ये अमुक सेंटिमीटरचा एसओएल. रिपोर्ट घेऊन घरी पोचेपर्यंत कुणीतरी मोबाईलवर शोधलेलं असतं आणि कॅन्सर हा शब्द घरात शिरलेला असतो.

एसओएल म्हणजे स्पेस ऑक्युपाइंग लीजन, जागा अडवून बसलेलं काहीतरी. याहून जास्त तो शब्द काहीच सांगत नाही. ते अमीबामुळे झालेलं गळू असेल, साध्या पाण्याची सिस्ट असेल, रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुच्छ असेल, कुत्र्याच्या आतड्यातल्या कृमीमुळे तयार झालेली पिशवी असेल, लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर असेल किंवा आतडं, जठर, स्तन अशा दुसऱ्या ठिकाणचा कॅन्सर येऊन तिथे बसलेला असेल. यातले काही आजार गोळ्यांनी बरे होतात. काहींना हातही लावायचा नसतो. आणि एका प्रकारात घाईघाईने सुई घातली तर जिवावर बेतू शकतं.

गाठ कुठे आहे आणि केवढी आहे हे मशीन छान सांगतं. ती कुणाच्या पोटात आहे, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून अनुभवी फिजिशियन रिपोर्ट वाचून बाजूला ठेवतो आणि रुग्णाला टेबलावर झोपवतो. मग गंमत अशी होते की त्याचा बराचसा वेळ लिव्हरवर जातच नाही. तो डोळे बघतो, तळहात उलटेपालटे करतो, मानेत बोटं घालून चाचपतो, बेंबी निरखतो, पुरुषाचीही छाती तपासतो आणि शेवटी गुदद्वारातून बोट घालून बघायचं म्हणतो. 'दुखतंय पोटात, आणि हे काय भलतंच?' असं नातेवाइकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. पण गाठीचं नाव-गाव सांगणाऱ्या खुणा बऱ्याचदा लिव्हरपासून लांबच असतात.

आधी पोटावर हात

लिव्हर उजव्या बरगड्यांच्या आड असतं. मोठ्या माणसात त्याचं वजन साधारण दीड किलोच्या आतबाहेर. उजव्या कॉलरबोनच्या मधोमध एक सरळ रेघ खाली ओढली, तर त्या रेघेवर लिव्हरची उंची ६ ते १२ सेंटिमीटर भरते. वरचा काठ पाचव्या-सहाव्या बरगडीच्या आसपास, खालचा काठ बरगड्यांच्या कडेला लागून. श्वास आत घेतला की श्वासपटल खाली सरकतं आणि लिव्हरलाही खाली ढकलतं. तपासणीची सगळी युक्ती या हालचालीवर उभी आहे.

रुग्णाला उताणं झोपवून गुडघे थोडे वाकवायला सांगतात, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. डॉक्टरचा हात गार असेल तर पोट लगेच आखडतं आणि मग पुढचं सगळं फुकट, म्हणून आधी हात चोळून गरम करायचा. हात ठेवायचा तो बरगड्यांखाली नाही, उजव्या ओटीपोटावर. नवशिके विद्यार्थी इथेच चुकतात. ते थेट बरगड्यांखाली बोटं रोवतात. लिव्हर बेंबीच्याही खालपर्यंत वाढलेलं असेल तर त्यांचा हात लिव्हरच्या वरच पडलेला असतो, काठ खाली राहून जातो आणि 'लिव्हर नॉर्मल' असं लिहून ते मोकळे होतात. हात खालून वर न्यायचा, प्रत्येक श्वासाला एक-दोन सेंटिमीटर. 'तोंडाने मोठा श्वास घ्या' म्हणायचं आणि हात स्थिर ठेवून वाट बघायची. बोटांनी लिव्हरकडे जायचं नाही. लिव्हर श्वासाबरोबर खाली येऊन बोटांना भेटतं. ते भेटलं की काठ बोटाखालून टुपकन निसटतो.

वरचा काठ हाताला लागत नाही, कारण वर बरगड्या आहेत. तिथे बोटावर बोट वाजवून बघावं लागतं. फुप्फुसावर पोकळ आवाज येतो, लिव्हर सुरू झालं की बद्द. ही ठोकण्याची पद्धत व्हिएन्नातल्या लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरने 1761 साली पुस्तक लिहून मांडली. त्याचे वडील ग्राझ शहरात खानावळ चालवत. पिंपात वाइन किती उरली हे बाहेरून ठोकून ओळखायचं, हे त्याने लहानपणीच पाहिलेलं होतं असं सांगतात. समकालीनांनी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. 1808 मध्ये नेपोलियनचा डॉक्टर कोर्व्हिझार याने त्या पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर केलं, तेव्हा कुठे ही पद्धत युरोपभर पसरली. आजही लिव्हरची उंची मोजायची ही बिनखर्चाची सोय आहे.

उंची मोजायची भानगड कशासाठी? कारण लिव्हर हाताला लागलं म्हणजे ते वाढलंच असं नाही. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात किंवा बिडीवर काढलेल्या माणसाची फुप्फुसं फुगलेली असतात. ती अख्खं लिव्हर खाली दाबतात. काठ बरगडीखाली तीन बोटं लागतो, पण वरचा काठही तेवढाच खाली आलेला असतो आणि उंची भरते दहा सेंटिमीटर. काही जणांच्या, विशेषतः बायकांच्या, लिव्हरच्या उजव्या भागाला जन्मतःच जिभेसारखा एक लांबट तुकडा असतो. बर्नहार्ड रीडेल या जर्मन सर्जनने 1888 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो रीडेल लोब. हाताला तो गाठीसारखा लागतो आणि असतो निव्वळ निरोगी लिव्हर.

उलटंही तितकंच खरं, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. दोन-तीन सेंटिमीटरची गाठ वरच्या बाजूला श्वासपटलाखाली लपलेली असेल तर जगातला कुठलाही हात तिला शोधू शकत नाही. पोटाचा घेर मोठा असेल किंवा पोटात पाणी असेल तर मोठी गाठही चुकते. 'डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, काही नाही म्हणाले' या वाक्यावर विसंबून सोनोग्राफी टाळू नये.

हाताखाली नेमकं काय लागतं

उजव्या बरगडीखाली लागणारी प्रत्येक गाठ लिव्हरची नसते. पोटाच्या भिंतीतली चरबीची गाठ असेल तर रुग्णाला झोपल्या झोपल्या डोकं उचलायला सांगितलं की ती आणखी ठळक होते. पोटाच्या आतली गाठ अशा वेळी स्नायूंमागे दडते. किडनीची गाठ मागून कमरेतून ढकलली तर पुढच्या हाताला टप्पकन लागते, शिवाय तिच्या वर आणि बरगडीच्या मध्ये बोटं शिरतात. लिव्हरच्या गाठीच्या वर बोटं शिरत नाहीत, ती बरगड्यांआड वर गेलेली असते. श्वासाबरोबर ती खाली-वर हलते आणि ठोकल्यावर तिचा बद्द आवाज लिव्हरच्या बद्द आवाजाशी सलग मिळतो. पित्ताशय गोल, गुळगुळीत लागतं. कावीळ आहे, पोट दुखत नाही आणि असं टम्म पित्ताशय लागतंय, असा मेळ जमला की खडे मागे पडतात आणि पित्तनलिकेच्या खालच्या टोकाशी, स्वादुपिंडाजवळ, काही अडलंय का याकडे लक्ष वळतं.

लिव्हरच आहे हे ठरलं की मग पोत. विद्यार्थ्यांना शिकवायची जुनी सोपी रीत आहे: आपल्याच चेहऱ्यावर बोट ठेवून बघा. ओठ म्हणजे मऊ, नाकाचा शेंडा म्हणजे घट्ट, कपाळ म्हणजे कठीण. हृदय थकल्यामुळे रक्त तुंबून फुगलेलं लिव्हर मऊसर, गुळगुळीत आणि दुखरं लागतं. फॅटी लिव्हरही गुळगुळीत असतं, पण बहुधा दुखत नाही. 'लिव्हरला सूज आहे' हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य बऱ्याचदा या फॅटी लिव्हरबद्दल असतं, त्याचा गाठीशी संबंध नसतो. सिऱ्हॉसिसचं, म्हणजे वर्षानुवर्षांच्या इजेने आत व्रण पडत गेलेलं, लिव्हर नाकाच्या शेंड्याइतकं घट्ट होतं, काठ धारदार लागतो, पुढे पुढे ते आकसून हाताला लागेनासंही होतं. आणि दुसरीकडून आलेल्या कॅन्सरच्या गाठी लागतात कपाळासारख्या कठीण, उंचसखल, ओबडधोबड. त्यातल्या काहींच्या मध्यभागी खळगा असतो, कारण मधला भाग रक्त न मिळाल्यामुळे मरून आत बसलेला असतो. एकदा हाताला असं लिव्हर लागलं की विसरता येत नाही.

अख्खं लिव्हर हाताखाली ठोके देतंय असंही कधी जाणवतं. ते लिव्हरचं दुखणं नाही. हृदयाच्या उजव्या बाजूची झडप गळत असते.

मग स्टेथोस्कोप. लिव्हरवर स्टेथोस्कोप ठेवणारे डॉक्टर आता कमी झालेत, आणि मला ते खटकतं. निरोगी लिव्हरला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून मिळतं, म्हणजे आतड्याकडून येणाऱ्या संथ वाहत्या रक्तातून. लिव्हरच्या स्वतःच्या कॅन्सरचं, ज्याला एचसीसी म्हणतात, तसं नसतं. तो आपलं रक्त धमनीतून ओढतो. काही रुग्णांमध्ये त्या धमनीच्या जोरकस प्रवाहाचा फूस-फूस असा आवाज बरगडीखाली ऐकू येतो. दारूमुळे लिव्हरला तीव्र दाह झाला तरी असा आवाज येऊ शकतो, म्हणून त्यावरून निदान पक्कं होत नाही. पण पुढे ट्रायफेजिक, म्हणजे तीन टप्प्यांत फोटो घेणारा, सीटी स्कॅन करतात, त्यात रंगद्रव्य शिरेतून सोडल्यावर पहिल्या काही सेकंदांत हीच गाठ झळाळून उठते आणि नंतर बाकी लिव्हरपेक्षा काळपट दिसते. स्टेथोस्कोपला जे ऐकू आलं आणि सीटीत जे दिसलं ते एकच: गाठ धमनीवर जगते आहे.

बोट दाबल्यावर दुखणारी फट

आपल्याकडे ताप आणि लिव्हरमधली गाठ एकत्र आले की कॅन्सरच्या आधी अमीबाचं गळू आठवायला हवं. एंटामीबा हिस्टोलिटिका हा जीव दूषित पाण्यातून किंवा अन्नातून आतड्यात येतो, तिथून पोर्टल व्हेनमार्गे लिव्हरमध्ये पोचतो आणि तिथला मांसल भाग विरघळवून पोकळी करतो. ही पोकळी बहुतेक वेळा उजव्या भागात असते, कारण तो भाग मोठा आणि रक्तही तिकडेच जास्त जातं. प्रौढांमध्ये हा आजार बायकांपेक्षा पुरुषांत दहापटीच्या घरात जास्त आढळतो, आणि आपल्या सरकारी दवाखान्यांत त्यातले बरेच जण ताडी किंवा गावठी दारू पिणारे असतात.

असा रुग्ण चालत येतो तेव्हाच ओळखू येतो. उजवी बाजू हाताने धरलेली, किंचित वाकलेला, पाऊल जपून टाकणारा. खोल श्वास घ्यायला सांगितलं की मध्येच थांबतो. उजवा खांदा दुखतो म्हणतो, आणि आठवडाभर खांद्याला मलम चोळून आलेला असतो. खांदा तसा ठणठणीत असतो. श्वासपटलाची नस आणि खांद्याच्या कातडीच्या नसा मानेतल्या एकाच पातळीवरून निघतात, त्यामुळे खाली लागलेली आग मेंदूला खांद्यावर भासते. जुलाब होतात का विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणतात, आणि त्यावरून पुष्कळदा फसगत होते. गळू झालेल्या निम्म्याहून जास्त लोकांना त्या वेळी जुलाब नसतात. कावीळही सहसा नसते.

मग येते ती खरी परीक्षा. उजव्या कुशीत, खालच्या बरगड्यांच्या मधल्या प्रत्येक फटीत एका बोटाने हळूहळू दाबत जायचं आणि बघायचं बोटाकडे नाही, रुग्णाच्या चेहऱ्याकडे. तीन फटी काही होत नाही. चौथ्या फटीत एका ठराविक जागी बोट पडतं आणि माणूस टेबलावरून उचलला जातो, हात आपोआप डॉक्टरचं मनगट धरतो. गळू बहुधा त्याच जागेखाली असतं. कधी तिथली कातडी किंचित सुजलेली असते, दाबल्यावर खड्डा पडतो. पाठीमागे उजव्या फुप्फुसाच्या तळाशी ठोकलं तर बद्द आवाज, स्टेथोस्कोप लावला तर श्वासाचा आवाज कमी. गळवाच्या दाहाने वरच्या बाजूला पाणी जमू लागलेलं असतं, म्हणून कोरडा खोकलाही असतो आणि एखाद्याला न्यूमोनियाची औषधं देऊन झालेली असतात.

डाव्या भागातलं गळू कमी आढळतं, पण ते डॉक्टरांना जास्त घाबरवतं. ते हृदयाच्या आवरणात फुटू शकतं. छातीच्या खाली मधोमध, पोटाच्या खळगीत दुखरी फुगी लागली की सुई घालून पू काढायला फार वाट बघत नाहीत. बाकीच्यांत मेट्रोनिडाझोल या अमीबा मारणाऱ्या औषधाने दोन-तीन दिवसांत ताप उतरायला लागतो.

वय जास्त, डायबेटीस, थंडी वाजून येणारा ताप, डोळे पिवळे आणि माणूस एकदम मलूल, असं चित्र असेल तर मात्र जिवाणूंचं गळू जास्त संभवतं. तिथे पित्ताच्या खड्यांची चौकशी करावी लागते, आणि उपचारही वेगळे.

मूळ दुसरीकडे असेल तर

पोटातल्या जवळपास सगळ्या आतड्यांचं रक्त लिव्हरमधूनच पुढे जातं. त्यामुळे आतड्यातल्या कॅन्सरची सुटी पेशी पहिली अडकते ती तिथे. गाठी अनेक आहेत, कठीण आहेत आणि माणूस झिजलाय: बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेलाय. आता मूळ शोधायचं, आणि शोध सुरू होतो मानेपासून.

डाव्या कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात, रुग्णाला खांदे सैल सोडायला सांगून, डॉक्टर मागून बोटं घालतो. पोटातली लसिका (लिम्फ) छातीतल्या मोठ्या नळीतून वर येते आणि मानेच्या डाव्या बाजूला शिरेत मिसळते. पोटातला, विशेषतः जठराचा कॅन्सर या वाटेने वर चढला तर त्या मिसळण्याच्या जागेशेजारी एक कडक गाठ तयार होते. रुडॉल्फ फिरखोव या जर्मन डॉक्टरने 1848 मध्ये हे दाखवून दिलं. ती गाठ सापडली तर तिथलाच तुकडा तपासायला पाठवता येतो आणि लिव्हरमध्ये सुई घालायची वेळच येत नाही.

बेंबीची गोष्ट अमेरिकेतली. मिनेसोटा राज्यातल्या रोचेस्टर इथल्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये सिस्टर मेरी जोसेफ डेम्पसी ही नन विल्यम मेयो या सर्जनची सहायक होती. ऑपरेशनपूर्वी रुग्णाच्या पोटाची कातडी स्वच्छ करताना तिच्या लक्षात आलं की ज्यांच्या बेंबीत कडक गाठ हाताला लागते, त्यांच्या पोटात कॅन्सर पसरलेला निघतो. तिने ते मेयोला सांगितलं, मेयोने 1928 मध्ये लिहिलं, आणि 1949 मध्ये हॅमिल्टन बेली या इंग्लिश सर्जनने त्या गाठीला सिस्टरचं नाव दिलं. वैद्यकातल्या खुणांना नावं मिळतात ती बहुतेक पुरुष प्राध्यापकांची. कातडी पुसताना नीट बघणाऱ्या एका नर्सचं नाव टिकलं, हे मला फार बरं वाटतं.

मग स्तन, आणि तरुण मुलगा असेल तर वृषणं. शेवटी गुदद्वाराची तपासणी. याला आपल्याकडे हमखास नकार येतो, आणि संकोच समजण्यासारखा आहे. पण गुदाशयाचा कॅन्सर बोटाच्या टप्प्यात असू शकतो. दोन मिनिटांच्या त्या तपासणीत तो सापडला तर पुढच्या कित्येक तपासण्यांचा खर्च आणि वेळ वाचतो. स्त्री रुग्णाने सोबत नर्स हवी असं सांगावं, तो तिचा हक्क आहे. एक डोळा काचेचा आहे का, हेही विचारलं जातं. डोळ्यातल्या मेलॅनोमा या कॅन्सरसाठी डोळा काढल्यावर कित्येक वर्षांनी तोच आजार लिव्हरमध्ये उगवतो आणि तोवर रुग्णाला डोळ्याची गोष्ट सांगायची गरजही वाटेनाशी झालेली असते.

लिव्हर आधीच खराब असेल तर

लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर बहुधा सिऱ्हॉसिस झालेल्या लिव्हरवर उगवतो. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, दारू आणि आता वाढत्या प्रमाणात फॅटी लिव्हर ही त्याची मुळं. हिपॅटायटिस बी सिऱ्हॉसिस न करताही कॅन्सर करू शकतो, एवढा अपवाद. त्यामुळे इथे डॉक्टर गाठीपेक्षा बाकीच्या शरीराकडे बघतो: हे लिव्हर मुळात किती वर्षं आजारी आहे?

तळहाताच्या कडा लालसर. नखं पांढरी पडलेली, टोकाला फक्त एक गुलाबी पट्टी उरलेली. छातीवर, खांद्यावर लाल ठिपके, ज्यांच्या मध्यभागी टोचणीने दाबलं की सगळे पाय नाहीसे होतात आणि सोडल्यावर मधून बाहेर पुन्हा भरतात. पाठ्यपुस्तकातले हे फोटो गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या सावळ्या कातडीवर हे ठिपके उजेडात नेऊनसुद्धा नीट दिसत नाहीत, म्हणून ते नाहीत यावर फार भरवसा ठेवू नये. पुरुषांत स्तनाग्राखाली दुखरी चकती लागते, काखेतले केस विरळ होतात, कारण लिव्हर हॉर्मोन नीट निकाली काढत नाही. डाव्या बरगडीखाली प्लीहा म्हणजे पाणथरी हाताला लागते. हात पुढे ताणून मनगटं वर वळवायला सांगितलं की पंजे मधूनमधून फडफडत खाली पडतात. असं झालं तर आजार मेंदूपर्यंत पोचला आहे.

काविळीबद्दल थोडं. लोकांना वाटतं, लिव्हरमध्ये गाठ म्हणजे कावीळ असणारच. तसं नाही. लिव्हरचा मोठा भाग निकामी झाला तरी उरलेला काम रेटून नेतो. गाठीने पित्ताची मोठी नळी दाबली किंवा लिव्हर जवळजवळ संपलं, तरच डोळे पिवळे होतात, आणि रक्तातलं बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य दर डेसिलिटरला साधारण 2 ते 3 मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ते डोळ्यांत दिसतही नाही. तेही दिवसाच्या उजेडात बघायचं. पिवळ्या बल्बखाली सगळेच पिवळे दिसतात.

पोटात पाणी आहे का, हे ठोकूनच कळतं. उताणं झोपल्यावर कुशीत बद्द आवाज येतो, रुग्ण कुशीवर वळला की वरच्या कुशीतला आवाज पोकळ होतो, कारण पाणी खाली वाहून गेलेलं असतं. यासाठी साधारण दीड लिटर पाणी लागतं, त्याहून कमी असेल तर सोनोग्राफीच हवी. सिऱ्हॉसिसचा जुना रुग्ण, वर्षभर गोळ्यांवर स्थिर, आणि पंधरा दिवसांत पोट अचानक टम्म झालं किंवा सुईने काढलेलं पाणी रक्ताळलेलं निघालं, तर त्याच्या लिव्हरमध्ये कॅन्सर उगवला नाही ना आणि तो पोर्टल व्हेनमध्ये शिरला नाही ना, हे ताबडतोब बघतात.

पण इतकं होईपर्यंत थांबायचंच कशाला? ज्यांना सिऱ्हॉसिस आहे त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची. हाताला काही लागत नाही, दुखत नाही, भूक लागते, अशा काळातच ही गाठ छोटी आणि काढता येण्याजोगी असते. इथे हाताची तपासणी हरते, हे मान्य करावं.

हाताला काहीच न लागणारी आणि सुई न घालण्याची

हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुच्छ, ही लिव्हरमधली सगळ्यात जास्त आढळणारी निरुपद्रवी गाठ. तपासणीत काही सापडत नाही, आणि तेच चांगलं लक्षण. वजन स्थिर, ताप नाही, हात, डोळे, मान सगळं साफ, आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ दिसलेली. एक चांगला स्कॅन करून खात्री झाली की बहुतेकांना पुढे काही करावं लागत नाही.

हायडॅटिड सिस्ट म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातल्या फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात जाऊन झालेली पिशवी. मेंढ्या, कुत्री आणि माणसं एकत्र वावरतात आणि कापलेल्या जनावराची आतडी-काळजं कुत्र्यांना टाकली जातात, तिथे हे चक्र चालू राहतं. ही पिशवी वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. गुळगुळीत, गोल, न दुखणारी फुगी हाताला लागते. तिच्यावर ठोकल्यावर बोटांना थरथर जाणवते असं पुस्तकात असतं, प्रत्यक्षात क्वचितच. हिला जोरात दाबायचं नाही, आणि पूर्वतयारीशिवाय सुई तर अजिबात घालायची नाही. आतलं पाणी पोटात सांडलं तर रक्तदाब कोसळवणारी तीव्र ॲलर्जी येऊ शकते आणि नवीन पिशव्याही रुजतात. म्हणून 'साधं पाणीच दिसतंय, काढून टाकू' असं कुणी म्हणालं तर हायडॅटिड नाही ना, हे विचारून घ्यावं.

लहान मूल

तान्ह्या बाळाचं लिव्हर बरगडीखाली एक-दोन सेंटिमीटर लागणं नॉर्मल असतं, त्याने घाबरू नये. पण अंघोळ घालताना आईच्या हाताला पोटाच्या उजव्या बाजूला टणक गोळा लागला, तर तो हेपॅटोब्लास्टोमा असू शकतो. लिव्हरचा हा कॅन्सर बहुधा तीन वर्षांच्या आतल्या मुलांत होतो, मूल खेळतंय-जेवतंय अशा अवस्थेतच बहुधा गाठ आधी सापडते. अशा वेळी डॉक्टर बाळाची जीभ फार मोठी आहे का, एक हात-पाय दुसऱ्यापेक्षा जाड आहे का, हेही बघतात, कारण अशा जन्मजात वाढीच्या मुलांत या गाठीची शक्यता जास्त असते. आणि बाळाच्या कातडीवर लाल फुगीर डाग पाच किंवा जास्त असतील तर लिव्हरमध्येही तसेच आहेत का हे सोनोग्राफीने बघायला सांगतात. लिव्हरमधले डाग मोठे असतील तर ते इतकं रक्त ओढतात की बाळाचं हृदय थकतं, दूध पिताना धाप लागते, कपाळाला घाम येतो.

बरं होतंय हे कसं कळतं

अमीबाच्या गळवावर औषधं झाली, ताप गेला, माणूस कामावर जायला लागला, आणि महिन्याने कुणाच्या तरी सल्ल्याने पुन्हा सोनोग्राफी केली, तर गाठ तिथेच दिसते. कधी तर पहिल्यापेक्षा मोठीसुद्धा. मग धावपळ, दुसरा डॉक्टर, दुसरी औषधं, आणि पुन्हा तीच कॅन्सरची धास्ती. ती पोकळी भरून यायला कित्येक महिने लागतात, हे कुणी सांगितलेलं नसतं. या दिवसांत सोनोग्राफीपेक्षा तीन साध्या गोष्टी बघायच्या: ताप पुन्हा आला का, वजन परत भरतंय का आणि कुशीतल्या त्या फटीत बोट दाबल्यावर अजून दुखतं का. तिन्ही ठीक असतील आणि आतड्यात उरलेला अमीबा मारणारा दुसरा, वेगळ्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला असेल, तर पुढची सोनोग्राफी काही महिन्यांनी केली तरी चालते. तो दुसरा कोर्स मात्र बरं वाटायला लागलं की लोक अर्ध्यात सोडतात, आणि मग तोच माणूस पुन्हा तशीच उजवी कूस धरून येतो.